विश्लेषण : गाडी दोन इंच उंच केली, आता ‘अप्पर आर्म’ही बदलायचा का?

लिफ्ट किट बसवणारे गॅरेज हल्ली सोबत नवे अप्पर कंट्रोल आर्मही सुचवते. कोकणातल्या पावसात, चिखलात आणि खाऱ्या हवेत ते कुणी घ्यावेत, कोणते घ्यावेत आणि कुणी पैसे वाचवावेत?

माझ्या एका मित्राने रत्नागिरीत आपल्या थारला पुढून दोन इंचांची लिफ्ट बसवून घेतली. आठवडाभराने आम्ही कोल्हापूरहून परतत होतो. आंबा घाट उतरताना वळण संपले तरी स्टीअरिंग आपोआप सरळ होईना. दर वळणानंतर त्याला ते हाताने मागे आणावे लागत होते. साखरप्याच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि वेग वाढला, तेव्हा गाडी डावी-उजवी भरकटू लागली. ‘टायर मोठे आहेत, होईल सवय,’ असे त्याला गॅरेजमध्ये सांगितले होते. पण ही सवयीची गोष्ट नव्हती. गाडीची उंची वाढवताना तिचा कॅस्टर बिघडला होता आणि तो कुणी मोजलाच नव्हता.

अप्पर आर्म म्हणजे काय?

थार (2020 नंतरची), स्कॉर्पिओ-एन, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, फॉर्च्युनर या गाड्यांना पुढे ‘डबल विशबोन’ सस्पेन्शन असते. प्रत्येक चाकामागे दोन आर्म असतात, एक खाली, एक वर. गाडीचे वजन स्प्रिंगमार्फत खालच्या आर्मवर येते. वरचा आर्म चाकाचा वरचा भाग जागेवर धरून ठेवतो. तो एका टोकाला दोन बुशांवर चासीला जोडलेला असतो, तर दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला.

वजन पेलत नाही म्हणून तो दुय्यम समजू नका. ब्रेक दाबला की चाकाचा खालचा भाग मागे आणि वरचा भाग पुढे ढकलला जातो. हा पुढचा जोर वरच्या आर्मला सोसावा लागतो. घाट उतरताना तो सतत काम करत असतो. वरचा बॉल जॉइंट निखळला, तर चाक वरून सुटून कलंडते.

मारुती जिम्नीला पुढे अखंड ॲक्सल आहे, जुन्या एमएम 540 सारख्या जीपांना पाटे आहेत. त्यांच्यात हा भागच नाही. त्या गाड्यांसाठी कुणी ‘अप्पर आर्म’ विकत असेल, तर दुकान बदला.

उंची वाढवल्यावर काय बिघडते?

कॅस्टर समजून घ्यायला सायकल पुरेशी आहे. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती काही अंतर सरळ जाते. गाडीतही वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागे असतो. त्या कलामुळे स्टीअरिंग वळणानंतर स्वतःहून परत येते. पुढची उंची वाढली की दोन्ही आर्म खाली झुकतात आणि अशा बहुतेक गाड्यांत हा कल कमी होतो. चाकाचा आत-बाहेरचा कल, म्हणजे कॅम्बरही बदलतो.

अनेक गाड्यांत खालच्या आर्मवर हे कोन जुळवायचे विशेष बोल्ट कंपनीकडूनच येतात. पण त्यांची मर्यादा थोडी असते. कॅम्बर सावरण्यातच ती संपली की कॅस्टरसाठी काही उरत नाही. बाजारातल्या अप्पर आर्मचे पहिले काम इथे सुरू होते. त्याच्या बनावटीतच बॉल जॉइंट थोडा मागे सरकवलेला असतो, त्यामुळे गेलेला कॅस्टर परत मिळतो.

दुसरे काम बॉल जॉइंटच्या कोनाचे. चाक पूर्ण खाली लटकले की मूळ बॉल जॉइंट आपल्या मर्यादेला टेकू शकतो किंवा आर्म स्प्रिंगला घासू शकतो. नव्या आर्मचा बॉल जॉइंट जास्त कोनात फिरतो आणि आर्मचा आकार स्प्रिंगपासून दूर ठेवलेला असतो.

स्पेसर की स्प्रिंग, यावर उत्तर ठरते

हा मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात, म्हणून थोडे सविस्तर.

लिफ्ट प्रामुख्याने दोन प्रकारे होते. पहिली, शॉक ॲब्झॉर्बरच्या माथ्यावर जाड चकती म्हणजे स्पेसर घालून. ॲब्झॉर्बर खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसलेला असतो. त्यामुळे 25 मिलिमीटरची चकती घातली, तर चाक त्याहून बरेच जास्त, काही गाड्यांत जवळपास दुप्पट खाली जाते. शिवाय पूर्ण लटकलेल्या अवस्थेतही चाक तितकेच अधिक खाली जाते, कारण अख्खा ॲब्झॉर्बरच खाली सरकलेला असतो. म्हणजे बॉल जॉइंटवर सर्वाधिक ताण येतो तो या स्वस्त पद्धतीत.

दुसरी पद्धत म्हणजे ॲब्झॉर्बर मूळ लांबीचाच ठेवून जास्त ताकदीची किंवा उंच स्प्रिंग बसवणे. उभी गाडी उंच होते, पण चाक खाली किती जाईल हे ॲब्झॉर्बरची लांबी ठरवते आणि ती तर तेवढीच आहे. बॉल जॉइंटची टोकाची अवस्था बदलत नाही. खाली जायची चाल थोडी कमी होते, एवढाच तोटा. इथे प्रश्न उरतो फक्त कॅस्टरचा, आणि एक-सव्वा इंचाच्या लिफ्टमध्ये तो अनेकदा मूळ बोल्टांवरच जुळतो. अशा वेळी नवे आर्म घेणे म्हणजे नळ गळतोय म्हणून टाकी बदलण्यासारखे आहे.

लांब ॲब्झॉर्बर घालून चाकाची चालच वाढवली असेल, तर मात्र अप्पर आर्म जवळपास अपरिहार्य ठरतो. ‘आर्म बदला, चाल वाढेल’ हे उलटे वाक्यही गॅरेजमध्ये ऐकू येते. ते चूक आहे. चाल ॲब्झॉर्बर आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे ठरवतात. आर्म फक्त आडवा येत नाही. आणि शाफ्टचा कोन फार वाढला, तर त्याचे रबरी बूट फाटतात, त्यावर कुठल्याही अप्पर आर्मचा इलाज नाही.

बॉल जॉइंट घ्यावा की युनिबॉल?

खरी निवड इथे आहे, आणि रत्नागिरीचे उत्तर परदेशी व्हिडिओंतल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

युनिबॉल म्हणजे पोलादी कड्यात फिरणारा उघडा गोलाकार बेअरिंग. तो जास्त कोनात फिरतो आणि मजबूतही असतो. वाळवंटातल्या शर्यतींच्या गाड्यांत तो असतो ते योग्यच आहे. तिथे शर्यत झाली की तो तपासतात, खराब झाला की बदलतात. आपल्याकडे वर्षाला 3 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जांभ्याचा लाल चिखल पिठासारखा बारीक असतो आणि आरे-वारेच्या किनारी रस्त्यावरून रोज गेलात तर खारे वारे आहेतच. उघड्या बेअरिंगच्या आतल्या अस्तरात हा चिखल शिरला की तो पॉलिश पेपरचे काम करतो. आधी खडखड, मग ढिलाई. काही कंपन्या युनिबॉलवर रबरी बूट देतात, त्याने आयुष्य वाढते. पण रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा सड्यावर जाणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

बंद, बूट असलेला आणि ग्रीस निपल असलेला बॉल जॉइंट कंटाळवाणा पर्याय आहे. तोच घ्या. घेताना एक प्रश्न नक्की विचारा : जॉइंट खराब झाला तर तो एकटा बदलता येतो का, आणि तो कुठे मिळतो? काही आर्ममध्ये सहज मिळणारा, एखाद्या चालू मॉडेलचाच जॉइंट वापरलेला असतो. काहींत खास मापाचा असतो आणि तो परदेशातून मागवावा लागतो. जुलैत गाडी महिनाभर उभी राहिली, की हा फरक लक्षात येतो.

बुशांचेही असेच. मूळ रबरी बुश शांत असतो, त्याला ग्रीस लागत नाही. पॉलियुरेथेन कडक, स्टीअरिंगला नेमकेपणा देणारा, पण ग्रीस संपले की कुरकुरणारा. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस भरायची शिस्त असेल तरच तो घ्यावा. माझ्या ओळखीत अशी शिस्त असणारे लोक दोन आहेत.

धातू, रंग आणि वेल्डिंग

फोर्ज केलेला आर्म अखंड असतो, पाइपचा आर्म वेल्ड केलेला. दोन्ही चांगले असू शकतात. पाइपच्या आर्ममध्ये सगळी मदार वेल्डिंगवर असते. मिरकरवाडा बंदरात मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या चासी एकदा खालून पाहा. मिठाचे पाणी रंगाच्या एका पोपड्यातून आत शिरते आणि सांध्याजवळून गंज सुरू होतो. म्हणून पावडर कोटिंगखाली झिंकचा थर आहे का, हे विचारावे. ॲल्युमिनियम गंजत नाही असे म्हणतात, पण खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे टेकतात तिथे ॲल्युमिनियम झिजते. स्थानिक लेथवर कुणाच्या तरी आर्मची नक्कल करून घेणे हा पर्याय मी धरतच नाही.

काही आर्मवर कोन बदलता येतो, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एसपीसीचे आर्म. डाव्या-उजव्या बाजूचा फरक जुळवायला ते उपयोगी आहेत. मात्र अलाइनमेंट करणाऱ्याला ती पद्धत माहीत हवी आणि नट गंजून बसू देता कामा नये. दीड-दोन इंचांच्या लिफ्टसाठी ठरावीक कॅस्टर दिलेला साधा आर्म पुरतो.

आणखी एक छोटी गोष्ट. मूळ आर्मवर एबीएसची वायर किंवा ब्रेक होज अडकवायची क्लिप असेल, तर नव्या आर्मवर तिची जागा आहे का ते पाहा. नसेल तर मेस्त्री प्लास्टिकच्या टायने बांधतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवले की वायर ताणली जाते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अप्पर आर्मची आरसीवर नोंद नसते. मात्र वाढवलेली उंची आणि बाहेर आलेले टायर दिसतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो. बदल करण्याआधी विमा कंपनीला ई-मेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘चालतं हो’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

आर्म घेण्याआधी गाडी तपासा

लिफ्ट आधीच झाली असेल, तर गाडी चासीवर जॅक लावून, खाली भक्कम स्टँड देऊन उचला आणि पुढची चाके पूर्ण लटकू द्या. वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट जाते का? आर्मवर घासल्याची चकाकी आहे का? बॉल जॉइंटचा बूट एका बाजूला चिरडला गेलाय का? यातले काही दिसले, तर आर्मची गरज खरी आहे. नसेल, तर आधी अलाइनमेंट करा आणि छापील कागद मागा. अनेक ठिकाणी फक्त टो जुळवून गाडी परत देतात. कागदावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर लिहिलेला हवा. तो कंपनीच्या मर्यादेत बसत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आर्म बसवलेच, तर रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. लटकत्या अवस्थेत आवळले, तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर पुन्हा अलाइनमेंट, आणि काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासणे.

मित्राच्या गाडीत अलाइनमेंटच्या कागदावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर मर्यादेखाली निघाला, आणि लटकलेल्या चाकाला डावीकडे आर्म स्प्रिंगला टेकत होता. त्याच्याकडे आर्मच्या जोडीचे कोटेशन तयार होते. त्याने स्पेसर काढले, सव्वा इंच उंची देणाऱ्या स्प्रिंग घातल्या आणि मूळ आर्म तसेच ठेवले. कॅस्टर मूळ बोल्टांवर जुळला. चिरेखाणीच्या रस्त्यावर आता पोट कधीकधी घासते, अशी त्याची तक्रार आहे.