प्रत्येकाचा घाणा वेगळा

एप्रिल-मे आला की मुंबईत लालबागच्या मसाला बाजारात मिरच्यांचे ढीग लागतात. मोठाल्या कढयांत धणे परतले जातात, डंकावर कांडपासाठी नंबर लागतात आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकत शिंकतच पुढे सरकतो. पावसाळ्याआधी हे काम उरकायला कारण आहे. ओलावा गेलेला मसाला ठिसूळ होतो, बारीक कुटला जातो आणि त्याला बुरशीची भीती कमी राहते.

पण नुसत्या टिकण्यासाठीच भाजायचं असतं तर उन्हानेही भागलं असतं. कच्च्या धण्याला लिनालूल या द्रव्यामुळे फुलांसारखा हलका वास असतो. आच लागून तापमान साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात. पावाची कड, कॉफीची बी, शेंगदाणे यांना खमंगपणा देणारी हीच क्रिया. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. धण्या-जिऱ्याचा भाजका वास तिच्यातूनच येतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जाणारी असतात. घरभर दरवळ सुटला म्हणून खूश होणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की जो वास घरात पसरला तो डब्यातून वजा झाला. म्हणून आच मंद, कढई जाड बुडाची आणि हात सतत हलता.

आणि म्हणूनच सगळं एकदम कढईत लोटायचं नसतं. गोड्या मसाल्याचंच पाहा. धणे मापाने सर्वांत जास्त, ते सावकाश भाजायचे. जिरं त्यांच्यापेक्षा लवकर होतं. तीळ तडतडले की उतरवायचे, सुकं खोबरं किसून तांबूस होईपर्यंत परतायचं. खसखस शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर. तिला तेवढं पुरतं. लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र चमचाभर तेलात, कारण त्यांची वासाची द्रव्यं तेलात चांगली उतरतात. हळकुंड आणि खडा हिंगही तेलातच तळून घ्यायचे. दगडफुलाचा तर नावाखेरीज फुलाशी संबंध नाही. दगडांवर, झाडांच्या सालींवर वाढणारी ती बुरशी आणि शैवाल यांची जोडवस्ती आहे. कच्चं हुंगलं तर मातकट, फिकं लागतं. गरम तेलात पडलं की गोड्या मसाल्याचा ओळखीचा वास येऊ लागतो.

मिरचीला मात्र नुसतं गरम करायचं. बेडगी रंगासाठी, शंकेश्वरी तिखटासाठी; दोन्ही काळपटली की रंग जातो आणि कडूपणा येतो. तिच्यातलं कॅप्सेसिन हवेत उडालं की अख्खं घर खोकतं, तेव्हा खिडक्या आधी उघडाव्यात. मेथी मसाल्यात घालणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बसावं, कारण ती जरा जास्त भाजली तरी सगळा मसाला कडवट होतो.

गॅस बंद केला तरी तापलेली कढई भाजतच राहते, म्हणून प्रत्येक घाणा लगेच ताटात पसरावा. गरम मसाला तसाच मिक्सरला लावला तर वाफ धरते आणि पुडीचे गोळे होतात. मिक्सरही स्वतः तापतो. थांबत थांबत फिरवावा. कुटलेल्या मसाल्याचा वास अख्ख्यापेक्षा लवकर उडतो आणि खोबऱ्या-तिळाचं तेल खवट होतं, त्यामुळे काचेची घट्ट झाकणाची बरणी उजेडापासून दूर ठेवावी. थोडा मसाला हाताशी, बाकीचा फ्रीजमध्ये, ही वाटणी उत्तम.

फ्लॅटच्या स्वयंपाकघरात वर्षाचा मसाला भाजणं प्रत्येकाला जमेल असं नाही, तो विकत आणण्यात कमीपणाही नाही. जिऱ्याची गोष्ट वेगळी. मूठभर जिरं मंद आचेवर एक छटा गडद होईपर्यंत भाजायला काही मिनिटंच लागतात, आणि ताकात किंवा दह्याच्या कोशिंबिरीत ताज्या पुडीचा फरक पहिल्या घासालाच कळतो. भाजलेल्या जिऱ्याची पूड तरी विकत आणू नये.