न दिसणारा, तरी येणारा देव

1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले. मिशनऱ्यांच्या उपदेशात तेव्हा सीनाय पर्वतावरचा देव पुढे असे, मूर्ती करू नका असे बजावणारा. 1842 साली ‘ज्ञानोदय’ नगरातूनच निघू लागला आणि मूर्तिपूजेचा वाद छापील पानांवर आला. त्याचा ठसा खोल उमटला. जुन्या कराराचा देव म्हणजे निराकार, दूरचा, कडक, अशी समजूत अजूनही भेटते. इब्री शास्त्र वाचायला घेतले की ती टिकत नाही.

तिथला देव सारखा येत असतो. भर दुपारी अब्राहामाच्या तंबूपाशी तीन वाटसरू उभे राहतात. तो धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, भाकरी भाजायला सांगतो, वासरू कापवतो, आणि बोलता बोलता कळते की पाहुणा खुद्द परमेश्वर आहे. याकोब रात्रभर अनोळख्याशी झुंजतो; सकाळी लंगडत निघतो, पण देवाला पाहूनही जिवंत असतो. मोशेला मात्र तेज पाहायचे असते, तेव्हा उत्तर मिळते की माझा चेहरा पाहून माणूस जगत नाही. त्याला खडकाच्या कपारीत उभे करून देव हाताने झाकतो आणि फक्त पाठ दिसू देतो. त्याच अध्यायात थोडे आधी म्हटले आहे की देव मोशेशी मित्रासारखा समोरासमोर बोले! हा विरोध ग्रंथाने मिटवलेला नाही, आणि त्याचे मोठेपण मला त्यातच दिसते.

नगर जिल्ह्याला हा पेच नवा नव्हता. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन विश्वरूप मागतो, ते पाहून थरथरतो आणि ओळखीचे रूप परत मागतो. त्याच तालुक्यात शिंगणापूरला शनिदेव उघड्यावरच्या शिळेत आहे आणि लोक तिला तेल वाहतात. बेथेलला स्वप्नातून जागा झालेला याकोबही उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओततो. दोन्ही श्रद्धा एक नव्हेत, हे खरे. पण ही गोष्ट ऐकणाऱ्या नगरकराला ती परमुलखातली वाटावी, असे तिच्यात काही नाही.

म्हणूनच ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी बायबलातल्या कथा कीर्तनात आणल्या, हे मला त्या काळातल्या साऱ्या वादविवादांपेक्षा मोलाचे वाटते. समोर बसणाऱ्यांत महार-मांग समाजातून आलेले पुष्कळ. देवळाच्या दाराशीच अडवलेल्या या माणसांना मोशेच्या कथेत काय सापडले असेल? देव त्याला भेटला तो रानात, सासऱ्याची मेंढरे चारताना, जळत्या झुडपात. आधी त्याने पायांतले जोडे काढायला लावले आणि मग गुलामीतल्या लोकांची हाक ऐकली आहे म्हणून त्याला मिसरात धाडले.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे बरीच वर्षे नगरला काढली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला आई म्हणून आळवले. ही हाक त्यांना संतांनी शिकवली. पण यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला देवही, आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, असे सांगतो. मूर्तिखंडनाच्या गदारोळात मागे पडलेला हा देव नगरच्या मंडळींना टिळकांच्या अभंगांतून भेटला.