पश्चात्ताप आणि समाधान – लेखांक 5 : शिपायांचा प्रश्न

मागच्या आठवड्यात आपण येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या धाकट्या मुलाबरोबर बापाच्या दारापर्यंत आलो. पण परतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे? लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात यार्देनकाठी जमलेली माणसे हेच विचारतात, तेही तीनदा.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने त्यांना आधी चांगलेच फटकारले होते. अब्राहामाच्या वंशावर विसंबू नका, पश्चात्तापाला शोभेल असे फळ दाखवा, असे त्याने बजावले. उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा हा संदेष्टा आता कडक उपास सांगेल असे वाटते. तो सांगतो ते वेगळेच. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशा करून, खोटे आळ घेऊन पैसे उकळू नयेत, आणि आपल्या पगारात समाधान मानावे.

पश्चात्तापाच्या उपदेशात पगार येतो, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. हे शिपाई बहुधा स्थानिक शासक हेरोद अंतिपाच्या चाकरीतले असावेत, कारण रोमचे मोठे सैन्य त्या काळी यहूदियात नव्हे, सीरियात होते. खुद्द रोमी शिपायाला वर्षाकाठी 225 दिनार मिळत आणि त्यातूनच कपड्यांचे, हत्यारांचे पैसे कापले जात. इ.स. 14 मध्ये डॅन्यूब आणि ऱ्हाइनकडच्या फौजांनी बंड केले, त्यात ही तक्रार होतीच. अंतिपाच्या शिपायांची स्थिती याहून बरी असेल असे मानायला आधार नाही. तुटपुंजा पगार आणि हातात भाला, म्हणजे वरकमाईला आयते आमंत्रण. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. पण मिळते ते पुरत नाही ही टोचणी मनात तशीच राहिली, तर आज सोडलेली लूट महिन्याभरात पुन्हा सुरू होईल, हे तो जाणतो. म्हणून लूट थांबवणे आणि समाधान मानणे या दोन गोष्टी तो एका दमात सांगतो.

हे वचन मालकांनी मजुरांना ऐकवायचे नाही, हेही इथेच ठामपणे सांगितले पाहिजे. योहान बोलतो ते हत्यार बाळगणाऱ्यांशी. ज्यांची मजुरी अडवली आहे, त्यांची हाक प्रभूच्या कानी गेली आहे, असे याकोबाचे पत्र पाचव्या अध्यायात धनिकांना बजावते. अन्याय सोसण्याला समाधान हे नाव देणे हे पापच आहे.

लूकला हा विषय सोडवत नाही. अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. त्याने लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्या आहेत, पश्चात्ताप करण्याजोगे स्वतःत काही आहे असे त्याला वाटत नाही. सर्व विकून गरिबांना दे, हे ऐकताच तो फार खिन्न होतो. त्याची संपत्ती शाबूत राहते. लगेच पुढच्या अध्यायात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय उंबराच्या झाडावर चढलेला दिसतो. त्याच्याकडे येशू काहीच मागत नाही, उलट त्याच्याच घरी उतरायला येतो. मग जक्कय आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करीन म्हणतो. आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रकमेवर एक पंचमांश भर घालावी, एवढेच नियमशास्त्र सांगते. चौपट भरपाई तर मेंढरू चोरून मारणाऱ्याने वा विकणाऱ्याने करायची. ती जक्कयने स्वतःला लावून घेतली, आणि सगळ्या प्रसंगात आनंदाचा उल्लेख आहे तो त्याच्याच बाबतीत. समाधान हा काही जणांचा उपजत स्वभाव असतो, असे आपण समजतो. जक्कयकडे पाहून मला ते पटत नाही. परत करता करता ते त्याच्या घरात आले.

पौल तर म्हणतो की समाधान आपण शिकलो, आणि हे तो कैदेतून लिहितो. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत तो कशी स्वीकारतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.