प्रोग्रेसिव्ह प्रेस: हँडल ओढण्याआधी

वापरलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस पुन्हा भरणं हा अमेरिकेतल्या नेमबाजांचा जुना छंद. ॲरिझोनातल्या डिलन कंपनीच्या ५५० या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे हँडलच्या प्रत्येक ओढीत अनेक केसेसवर एकेक टप्पा करणाऱ्या यंत्रावर, चार स्टेशनं असतात आणि केसेस धरणारी शेलप्लेट हाताने फिरवावी लागते. ६५० वर पाच, तिथे प्लेट आपोआप फिरते. नवशिक्याला मी ५५० च सुचवेन, पण खूप सावधपणे. कारण प्लेट फिरवायची राहिली, तर एकाच केसमध्ये दोनदा पावडर पडते आणि बंदूक फुटू शकते. म्हणून दिवा असा लावा की प्रत्येक केसचं तोंड आतपर्यंत दिसेल. काम मध्येच थांबलं, तर प्लेटवरच्या सगळ्या केसेस काढून तपासा.

प्रेसवर साचणारी जळालेल्या प्रायमरची, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीची, काजळी ब्रशने काढत राहा. तिच्यात शिसं असतं, हात साबणाने धुवा. पावडर मोजून टाकणाऱ्या पावडर मेजरच्या आत मात्र तेलाचा थेंबही नको, पावडर चिकटते.