बर्फाच्या वाटा (भाग ७) : उतारावरचा वारा

नॉर्वेचा धाडसी प्रवासी नान्सेन आणि त्याच्या पाच सोबत्यांनी १८८८ साली ग्रीनलँडचं हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेला पायी पार केलं, ते आपण मागच्या भागात पाहिलं. त्यातला एक दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता, १९ सप्टेंबरचा. पठाराचा माथा मागे पडला होता आणि वारा पाठीवर होता. त्यांनी स्लेज एकमेकींना बांधून दोन गलबतं केली. तंबूत खाली अंथरायचं कापड एकावर शीड म्हणून चढवलं. पुढे ऑटो स्वेर्ड्रुप दिशा सांभाळत होता, शिडाआड नान्सेन आणि क्रिस्टियानसेन. वाटेत ते दोघे मागे राहिले, पण स्वेर्ड्रुपला पत्ताच नाही. तो आपला शिडापलीकडे बोलतोय. उत्तर येईना, तेव्हा थांबून पाहतो तर मागे कोणीच नाही! त्याच दिवशी त्यांना पश्चिम किनाऱ्याची जमीन दिसली.

हा वारा येतो कुठून? पुष्कळदा तो बर्फच तयार करतो. ग्रीनलँडचा बर्फ म्हणजे एक प्रचंड पालथी कढई, मध्ये तीन किलोमीटरहून जाड, कडांना उतरती. बर्फाला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने किनाऱ्याकडे वाहू लागते. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते. त्यामुळे पश्चिम उतारावर वारा साधारण आग्नेयेकडून मिळतो. पतंगाच्या ओढीने स्कीवरून जाणारे आजचे प्रवासी दक्षिणेतल्या नार्सार्सुआकहून वायव्येच्या कानाककडे का निघतात, याचं उत्तर त्या कढईच्या आकारात आहे.

स्लेजवरचं तसं शीड फक्त ढकलतं. पतंग मात्र उंचावरचा सलग वारा पकडतो, आणि तो आकाशात आडवा फिरवला की स्वतःच्या वेगाने ओढ वाढवतो. वारा बाजूने असला तरी चालतं. या पतंगाला कामट्या नसतात. नुसतं कापड, घडी घालून पिशवीत मावणारं. मंद वाऱ्याला मोठा पतंग आणि लांब दोर, जोराच्या वाऱ्याला छोटा.

ऐकायला सोपं वाटतं. पण सकाळी पतंग उडवण्याआधी बर्फावर ताणलेल्या बारीक दोरांचा गुंता सोडवायचा, तर जाड हातमोजे काढावे लागतात, आणि उणे तीस अंशांत उघड्या बोटांना मिनिटभरही खूप झालं. स्लेज स्वतः ओढणारा माणूस श्रमाने गरम राहतो, पतंगामागे जाणारा नुसता उभा असतो आणि गारठतो. वाऱ्याने कोरलेले बर्फाचे टणक वरंबे वेगात आडवे आले की गुडघे आणि स्कीचे बंध दोन्हींची परीक्षा. धोका वाटला तर पतंग क्षणात सुटावा म्हणून कंबरपट्ट्याला सुटकेची कळ असते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तंबूची काळजी. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात जोडीदार बघता बघता दिसेनासा होतो. एकाकडे तंबू आणि दुसऱ्याकडे स्टोव्ह अशी वाटणी केली, तर चुकामूक जिवावर बेतते. म्हणून दोघांच्याही स्लेजमध्ये एकट्याने रात्र काढण्यापुरतं सामान हवंच.

नॉर्वेच्याच बॉर्गे औसलँडने १९९६-९७ मध्ये एकट्याने अंटार्क्टिका पार केला. २,८४५ किलोमीटर, ६४ दिवस, जिथे वारा मिळाला तिथे शिडाच्या ओढीने. वारा ही बाहेरची मदत, म्हणून ही सफर 'निव्वळ' नव्हे, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. विमानाने आणून टाकलेलं अन्न बाहेरचं. वारा तर त्या बर्फाचाच, आणि तो वाचायला येणं हेही तिथलं कसब आहे.

नान्सेनला ते कसब होतं, आणि हाताशी असेल त्यातून वाट काढण्याचंही. किनाऱ्यावर पोचल्यावर पुढची वाट पाण्यातून होती आणि होडी नव्हती. तेव्हा विलोच्या फांद्या वाकवून त्यांनी सांगाडा केला आणि त्यावर तंबूचं ते कापड शिवलं. त्या होडीतून नान्सेन आणि स्वेर्ड्रुप ३ ऑक्टोबरला गोटहोबला, म्हणजे आजच्या नूकला, पोचले.