गिझरवरचे २००० वॉट कधी खरे?

गिझरवर छापलेले ‘२००० वॉट, २३० व्होल्ट’ हे शब्द जोडीनेच वाचायला हवेत. वॉटला व्होल्टने भागले की करंट मिळतो, सुमारे ८.७ अँपिअर, आणि व्होल्टला करंटने भागले की आतल्या तापणाऱ्या तारेचा रोध, साधारण २६.५ ओहम. यातला रोध गिझरचा स्वतःचा, वॉट मात्र पुरवठ्यावर अवलंबून. संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरला, तर त्याच तारेतून ७.६ अँपिअरच वाहतील आणि शक्ती उरेल जेमतेम १५०० वॉट. दाब १३ टक्के घटला, शक्ती मात्र जवळपास २४ टक्के, कारण दाबाबरोबर करंटही उतरतो. पाणी तापायला एक तृतीयांश वेळ जास्त लागतो. बिलात बचत मात्र नाही, तेवढ्या उष्णतेला तेवढेच युनिट!

यावर कुणी म्हणेल, रोध तरी कुठे स्थिर असतो? आक्षेप रास्त आहे. शंभर वॉटच्या जुन्या बल्बचा रोध पेटलेला असताना हिशेबाने ५२९ ओहम येतो. विझलेल्या बल्बला मीटर लावला, तर त्याच्या दशांशाहूनही कमी दिसतो. गिझरमधल्या नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून तिथे गणित जुळते. पंख्याच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर थेट वॉट देत नाही. त्याला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. म्हणजे सूत्र वापरण्याआधी समोर तापणारी तार आहे की फिरणारी मोटर, हे पाहायचे.