यहूदी, परराष्ट्रीय आणि तारण : पाच गैरसमज

गैरसमज १ : ख्रिस्ती मंडळी सुरुवातीपासूनच यहूद्यांपासून वेगळी होती.

वस्तुस्थिती : येशू यहूदी, त्याचे बारा प्रेषित यहूदी आणि बन्यामीन वंशातला प्रेषित पौलही यहूदीच. येशूचे पहिले अनुयायी यरुशलेमच्या मंदिरात प्रार्थनेला जात असत. त्यामुळे यहूद्यांना आत घ्यायचे की नाही, हा प्रश्नच नव्हता. वाद पेटला तो परराष्ट्रीयांवरून, म्हणजे यहूदी नसलेल्यांवरून : त्यांनी आधी सुंता करून यहूदी व्हायचे का?

गैरसमज २ : परराष्ट्रीयांसाठी दार उघडले ते एकट्या पौलाने.

वस्तुस्थिती : 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हे काम आधी बारा प्रेषितांपैकी पेत्राच्या वाट्याला येते. यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला असताना त्याला दृष्टान्त झाला. आकाशातून उतरलेल्या चादरीत तऱ्हेतऱ्हेचे प्राणी होते आणि 'मारून खा' असा आदेश होता. त्यानंतर तो कैसरीयात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला आणि त्या घरातल्यांचा बाप्तिस्मा झाला. सुंतेची अट कोणी घातली नाही. यरुशलेमला परतल्यावर मात्र पेत्राला जाब विचारला गेला : सुंता न झालेल्यांच्या पंगतीला तू बसलासच कसा?

गैरसमज ३ : परराष्ट्रीयांना मोकळीक देताना यहूद्यांना आपल्या चालीरीती सोडायला लावल्या.

वस्तुस्थिती : इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडीलजन जमले. देवाच्या कृपेने, येशूवरील विश्वासाने तारण मिळते, म्हणून परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे नको, असे ठरले. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेल्या जनावराचे मांस आणि जारकर्म, एवढे त्यांनी टाळायचे होते. यहूद्यांनी काय सोडावे, यावर निर्णयात अवाक्षर नाही. पौलाचे वागणेही तसेच होते. त्याचा सहकारी तीत ग्रीक होता. त्याची सुंता व्हावी हा आग्रह पौलाने मानला नाही. दुसरा सहकारी तीमथ्य याची आई यहूदी होती. त्याची सुंता मात्र पौलाने करवून घेतली.

गैरसमज ४ : यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासूंची एकता केवळ आध्यात्मिक होती, रोजच्या व्यवहाराशी तिचा संबंध नव्हता.

वस्तुस्थिती : तिची कसोटी पानावरच लागली. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांसोबत जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तसा तो मागे सरला, त्याच्या पाठोपाठ पौलाचा सहकारी बर्णबाही. पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो हे स्वतः सांगतो.

इफिसकरांस पत्र म्हणते की, ख्रिस्ताने यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली आडभिंत पाडली. यरुशलेमच्या मंदिरात खरोखरच तसा एक कठडा होता. त्यावरचा ग्रीक भाषेतला इशारेवजा शिलालेख १८७१ मध्ये शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. आशय स्पष्ट आहे : परक्याने आत पाऊल टाकले, तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. इफिसच्या त्रफिमाला मंदिराच्या आत नेल्याच्या संशयावरूनच पुढे पौलावर जमाव धावून गेला आणि तो रोमी सैनिकांच्या ताब्यात गेला.

गैरसमज ५ : देवाने यहूद्यांना टाकले आणि मंडळी त्यांच्या जागी आली.

वस्तुस्थिती : देवाने आपल्या लोकांना टाकले काय, हा प्रश्न रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल स्वतःच विचारतो आणि ठाम नकार देतो. परराष्ट्रीय म्हणजे जैतुनाच्या जुन्या झाडावर कलम केलेली रानटी फांदी. मूळ तिला पोसते, ती मुळाला नव्हे, तेव्हा तिने तोरा मिरवू नये. तरीही मंडळीत शतकानुशतके उलटेच शिकवले गेले आणि येशूच्या मृत्यूचा दोष सबंध यहूदी समाजावर लादला गेला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात तो दोष सरसकट लावणे नाकारले. यहूदी देवाने टाकलेले वा शापित आहेत असे शिकवू नये, असेही बजावले.

मतभेद आजही आहेत. यहूद्यांनाही सुवार्ता सांगितलीच पाहिजे, असे अनेक प्रॉटेस्टंट गट मानतात. कॅथलिक चर्च ख्रिस्त सर्वांचा तारणारा आहे असेच शिकवते, पण यहूद्यांच्या धर्मांतरासाठी संस्थात्मक मोहीम चालवत नाही, असे व्हॅटिकनच्या २०१५च्या दस्तऐवजात नमूद आहे. या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी तोरा न मिरवण्याचा पौलाचा इशारा परराष्ट्रीयांनाच उद्देशून आहे. आणि त्याचे पत्र आज वाचणारे बहुतेक ख्रिस्ती त्याच रानटी फांदीचे आहेत.